गोव्याच्या सावलीत देशी लव्हाळे: आधी ओल पाहा, मग रोप आणा

फणसाखाली, विहिरीच्या कडेला किंवा घराच्या मागच्या भिंतीलगत हिरवळ टिकत नाही, म्हणून बरेच जण लव्हाळ्यांकडे वळतात. विचार चांगला आहे. लावणी मात्र हमखास उलट्या क्रमाने होते: आधी नर्सरीतून रोप येते, मग त्याला जागा शोधली जाते, आणि मातीत मोथा (गाठींनी पसरणारे चिवट तण) आहे हे सगळ्यात शेवटी कळते. जूनमध्ये लावलेला वाफा ऑगस्टमध्ये डोळे निवतील असा दिसतो आणि मार्चमध्ये तिथे वाळका चोथा किंवा नुसता मोथा उरतो.

इथे दिलेला क्रम मोडू नका. त्यातल्या त्यात पहिले दोन टप्पे कंटाळवाणे वाटतात आणि नेमके तेच गाळले जातात.

## टप्पा 1: ओल आणि ऊन वेगवेगळे मोजा

सावली आहे म्हणजे ओल असणारच, हा सर्वांत महागात पडणारा समज. जुन्या आंब्याखाली दाट सावली असते आणि जानेवारीनंतर जमीन खडखडीत कोरडी असते, कारण वरच्या थरातले पाणी आंब्याची मुळेच ओढून घेतात. उलट पोफळीच्या कुळागरात, म्हणजे बागायतीत, पाटाचे पाणी फिरत असल्यामुळे तितक्याच सावलीत जमीन बारमाही ओली राहते. लव्हाळ्याला या दोन जागा म्हणजे दोन वेगळे मुलुख.

आपला जांभा आणखी फसवतो. पावसाळ्यात जमिनीतले पाणी वर येते, खड्डा भरून राहतो आणि वाटते की जागा पाणथळ आहे. पाऊस ओसरला की तेच पाणी सच्छिद्र जांभ्यातून खाली निघून जाते. म्हणून नुसत्या जुलैतल्या पाहणीवर जागा ठरवू नका.

ओलीची चाचणी अशी करा. साधारण 30 सेंटिमीटर खोल खड्डा खणा, पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेले पाणी तासाभरात गेले तर जागा कोरडी. दुसऱ्या दिवशीही तळाला पाणी दिसले तर पाणथळ. दोन्हींच्या मधली असेल तर तुमचे काम सोपे आहे. चाचणी एकदा पावसाळ्यात आणि एकदा एप्रिलमध्ये करा, आणि निर्णय एप्रिलच्या निकालावर घ्या.

उन्हासाठी निरभ्र दिवशी भर दुपारी जमिनीवर पांढरा कागद ठेवा आणि त्यावर हात धरा. हाताची सावली रेखीव पडली तर तिथे ऊन जास्त आहे. कडा पुसट असतील तर मध्यम सावली. सावली ओळखूच येत नसेल तर दाट सावली.

इथे उत्तरेकडच्या भिंतीबद्दल एक सांगायला हवे. उत्तरेला कायम सावली असते असे आपण धरून चालतो. पण गोवा 15 अंश अक्षांशाच्या आसपास आहे. मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या साधारण दुसऱ्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. डिसेंबरात गार असलेली उत्तरेची पट्टी मे महिन्यात भाजून निघते, आणि नेमके तेव्हाच विहिरीला पाणी कमी असते. ऊन मोजायचे ते मे महिन्यात.

खबरदारी: कौलारू घर असेल तर पागोळ्यांची रेघ आधी आखून घ्या. वळचणीचे पाणी जिथे पडते तिथे माती उडते, मुळे उघडी पडतात आणि रोपाच्या गाभ्यात चिखल साचतो. त्या रेघेवर गोटे किंवा चिऱ्याचे तुकडे पसरा आणि लावणी तिच्यापासून हातभर लांब धरा.

## टप्पा 2: मोथा काढा, सगळा काढा

मोथा, म्हणजे सायपरस रोटुंडस, हाही लव्हाळ्याच्याच कुळातला आहे. म्हणूनच घोटाळा होतो. लावलेले रोप आणि उगवलेला मोथा पहिले काही आठवडे सारखेच दिसतात, माळी नेमके चुकीचे उपटतो, आणि फुलोरा येईपर्यंत मोथ्याने वाफा व्यापलेला असतो.

मोथ्याचे एक झाड खुरप्याने सावकाश उकरून पाहा. चकचकीत गडद पानांच्या बुडाशी एक गाठ असते, तिच्यातून दोऱ्याएवढी बारीक, काळपट आडवी मुळी निघते आणि थोड्या अंतरावर दुसऱ्या गाठीला जाऊन मिळते. तिथून तिसरी. वरून ओढले की तो दोरा पटकन तुटतो आणि हातात फक्त पाने येतात. गाठ कापली तर आत पांढरी असते आणि तिला ओळखीचा सुवास येतो. मातीत राहिलेली प्रत्येक गाठ पुन्हा फुटू शकते, त्यामुळे मोथा उपटून संपत नाही.

काम मार्च-एप्रिलमध्ये, जमीन कोरडी असताना करा. फावड्याने वीत-दीड वीत खोल माती उलटा, ढेकळे हाताने फोडा आणि गाठी वेचा. वेचलेल्या गाठी खताच्या खड्ड्यात टाकू नका. पत्र्यावर पसरून मेच्या उन्हात कडकडीत वाळवा. वाळलेली गाठ मरते, ओलसर राहिलेली मरत नाही. काळे प्लॅस्टिक किंवा पुठ्ठा अंथरून मोथा दाबण्याचा उपाय बरेच जण सुचवतात. मोथ्याचे टोकदार कोंब पातळ प्लॅस्टिकला भोके पाडून वर येतात आणि पुठ्ठा तर पहिल्या पावसातच लगदा होतो. त्यावर वेळ घालवू नका.

एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची आहे. मोथ्याला ऊन लागते आणि दाट सावलीत तो खुरटतो. त्यामुळे तो वाफ्यात शिरतो तो उन्हाच्या कडेने. वाफ्याची जी बाजू अंगणाकडे किंवा रस्त्याकडे उघडी आहे, तिथे चिऱ्यांची एक ओळ अर्धी जमिनीत पुरून बांध घाला आणि खुरपणीचा जोर तिथेच ठेवा.

तपासणी: माती उलटल्यावर वाफ्याला एकदा भरपूर पाणी द्या आणि दोन आठवडे थांबा. राहिलेला मोथा वर येईल. तो मुळासकट काढा, पुन्हा पाणी द्या. दुसऱ्या फेरीत चार-दोन कोंबच दिसले तर पुढे जा. वाफा पुन्हा हिरवा झाला तर या वर्षी लावणी करू नका. एक वर्ष उशीर परवडतो. लावलेल्या रोपांच्या मुळांत गुंतलेला मोथा मात्र काढता येत नाही.

## टप्पा 3: रोप ओळखा, मगच आणा

लव्हाळा आणि गवत यांतला फरक आधी हाताला कळू द्या. दांडा बोटांत धरून फिरवा. बहुतेक लव्हाळ्यांचा दांडा तीनधारी आणि भरीव लागतो, पाने तीन रांगांत निघतात. गवताचा दांडा गोल असतो, त्याला पेरे असतात आणि तो बहुधा पोकळ असतो. काही लव्हाळ्यांचे दांडे गोल असतात, तेव्हा पेरे आहेत की नाहीत तेही पाहा.

नर्सरीत लव्हाळा मागितला तर बहुधा हातात पडते ते छत्रीसारखे झाड, ज्याला अंब्रेला पाम म्हणतात. ते लव्हाळ्याच्या कुळातले आहे, दिसायलाही देखणे आहे, पण मूळचे आफ्रिकेकडचे. त्याची कापलेली छत्री पाण्यात पडली तरी तिला मुळे फुटतात. ते घरात असेलच तर कुंडीत ठेवा आणि छाटणी गटारात किंवा व्हाळात टाकू नका. मोंडो ग्रास हे लव्हाळाही नव्हे आणि इथलेही नव्हे. ते पूर्व आशियातले. केअरेक्स या लव्हाळ्याच्या पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या शोभेच्या जाती जपान, न्यूझीलंडसारख्या थंड मुलखातल्या आहेत. त्यांना आपला दमट उकाडा मानवत नाही. ऑनलाइन फोटो पाहून त्या मागवू नका.

सावलीसाठी मी तीन देशी जाती सुचवीन.

किलिंगा नेमोरालिस. वीतभर उंचीचा, आडव्या खोडाने पसरणारा, टोकाला पांढरा गोल गोंडा आणि त्याखाली तीन-चार लांब पाने. पावसाळ्यात सावलीच्या हिरवळीत, पायवाटेच्या कडेला तुम्ही तो पाहिला असेल आणि तण म्हणून उपटलाही असेल. मध्यम सावली, मध्यम ओल त्याला पुरते. पाणी तोडले तर वरून वाळतो आणि पावसात पुन्हा फुटतो. पसरतो खूप, म्हणून त्याला चारी बाजूंनी कड हवी.

हायपोलिट्रम नेमोरम. हा खरा रानातला. पश्चिम घाटाच्या सदाहरित जंगलात, ओहोळाकाठच्या दाट सावलीत वाढतो. पाने रुंद, लांब, तीन ठळक शिरांची. ठोंब गुडघ्यापासून कमरेपर्यंत जातो. बागेत याच्याइतका भारदस्त देशी लव्हाळा सावलीसाठी दुसरा नाही असे माझे मत आहे. पण त्याला बारमाही ओल लागते. कुळागराचा पाट, विहिरीची कड, सतत झिरपणारी जागा असेल तरच लावा. एप्रिलच्या चाचणीत जागा कोरडी निघाली असेल तर याचा विचार सोडून द्या.

सायपरस हस्पन. पाण्यात पाय ठेवून उभा राहणारा, बारीक, नाजूक, तांबूस-हिरव्या फुलोऱ्याचा. दाट सावलीत मरगळतो. गाळून येणारे ऊन त्याला हवे. दोणीत, छोट्या तळ्याच्या कडेला, बुडाला भोक नसलेल्या कुंडीत छान दिसतो.

स्क्लेरिया या लव्हाळ्याच्या जातीही आपल्याकडच्या आहेत, पण त्यांच्या पानांच्या कडा कापतात. मुले खेळतात तिथे किंवा वाटेच्या कडेला त्या नकोत.

या जाती दुकानात सहसा मिळत नाहीत. नातेवाइकांच्या कुळागरात, गावातल्या शेताच्या कडेला, ओळखीच्यांच्या परसात बघा आणि मालकाला विचारून एक ठोंब घ्या. म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव, बोंडला, भगवान महावीर ही अभयारण्ये आहेत. तिथून रोप काय, मूठभर मुळ्या आणणेही 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा ठरतो. राखीव जंगलातूनही वनखात्याच्या परवानगीशिवाय काही उचलू नका. माटोळीचे (चतुर्थीला गणपतीच्या वर बांधायच्या फळापानांच्या छताचे) सामान आणायला रानात गेलेल्याला "येताना एक झाड घेऊन ये रे" असे सहज सांगितले जाते. सांगू नका.

तपासणी: आणलेल्या ठोंबाची सगळी माती बादलीत धुऊन काढा, मुळे उघडी करून मोथ्याची एखादी गाठ अडकली आहे का ते पाहा. ते धुतलेले पाणी वाफ्यात ओतू नका. दुसऱ्या टप्प्यात महिनाभर केलेली मेहनत एका गाठीने वाया जाते.

## टप्पा 4: वाफा तयार करा

झाडासाठी खणतो तसे खोल खड्डे इथे नकोत. लव्हाळ्याची बहुतेक मुळे वरच्या वीत-दीड वीत थरात असतात. जांभ्यात खोल खणलेला खड्डा पावसात हौद होतो आणि मुळे कुजतात.

सगळ्या वाफ्याची वरची वीतभर माती भुसभुशीत करा. तिच्यात तिसरा हिस्सा चांगला कुजलेला पालापाचोळा आणि थोडे जुने शेणखत मिसळा. ताजे शेण नको. चुना टाकण्याची सवय असेल तर इथे आवरा. आपली माती आम्लधर्मी आहे आणि रानातल्या लव्हाळ्यांना ती चालते. युरिया किंवा लॉनला घालायचे खत दिले तर पाने लांब, मऊ होऊन आडवी पडतात.

पालापाचोळा विकत आणण्याची गरज नाही. रोज सकाळी अंगण झाडून जो पाला जाळला जातो तोच फणस-आंब्याचा पाला एका कोपऱ्यात पावसाळाभर कुजत ठेवा.

माडाखाली लावत असाल तर बुंध्यापासून निदान दीड-दोन मीटर लांब राहा. जवळ माडाची मुळे दाट असतात, खणताना तीही तुटतात. आणि वरून झावळी पडली की नव्या रोपांचा चुराडा होतो.

## टप्पा 5: लावणी

वेळ अशी. पाऊस नीट धरला की, साधारण जूनच्या मध्यावर. पहिल्या वळवाच्या सरीवर लावू नका, मध्ये आठ-दहा दिवस उघडीप पडली तर रोपे जातात. उतारावरची जागा असेल किंवा पाणी वाहून जाणारी असेल, तर जुलैचा मुसळधार पाऊस जाऊ द्या आणि ऑगस्टच्या अखेरीस लावा.

1. ठोंब लावणीच्या दिवशीच फोडा. आदल्या दिवशी फोडून पोत्यात ठेवलेली मुळे सुकतात.
2. पाने विळ्याने वीतभर ठेवून वरची छाटा. मुळे कमी झालेली असताना लांब पाने ठेवली तर त्यांतून पाणी उडून रोप मलूल होते.
3. ठोंब आडवा धरा, दोन्ही अंगठे आडव्या खोडांच्या मध्ये घाला आणि हळूहळू उकला. जिथे सहज सुटतो तिथेच सोडवा. हाताने सुटला नाही तर धारदार सुरी घ्या. कुदळ मारू नका.
4. प्रत्येक तुकड्याला तीन-चार कोंब आणि मूठभर जिवंत मुळे हवीत. एकेका कोंबाचे तुकडे करण्याचा मोह होतो, कारण मग रोपे जास्त होतात. त्यांतली अर्धीमुर्धी तग धरत नाहीत.
5. मधला जुना, तपकिरी, पोकळ भाग फेकून द्या. कडेचे ताजे तुकडेच लावा.
6. कोंब जिथे मुळांना मिळतो तो गाभा जमिनीच्या पातळीवर ठेवा. ही पायरी चुकली की बाकी सगळे व्यर्थ. खोल गेलेला गाभा आठवड्यात काळा पडतो.
7. माती बोटांनी दाबा, पायाने तुडवू नका.

अंतर: किलिंगासाठी सुमारे 15 सेंटिमीटर, हस्पनसाठी 25 ते 30, हायपोलिट्रमसाठी 45 ते 60. पहिल्या वर्षी वाफा विरळ दिसेल. तसाच राहू द्या.

तपासणी: तिसऱ्या दिवशी प्रत्येक रोप दोन बोटांनी अलगद वर ओढून पाहा. हलत असेल तर माती पुन्हा दाबा. दोन आठवड्यांनी मधून नवे टोकदार पान निघायला हवे. छाटलेली जुनी पाने पिवळी पडली तरी घाबरू नका.

बियांपासून करायचे असेल तर एवढेच: पिकलेले फुलोरे घेऊन ताजे बी कुजक्या पाल्याच्या बारीक मातीवर भुरभुरा आणि वर माती टाकू नका. बऱ्याच लव्हाळ्यांच्या बियांना रुजायला उजेड लागतो. ट्रे पाण्यात ठेवून खालून ओल द्या, झारीने बी वाहून जाते.

## टप्पा 6: पहिला पावसाळा

पाणी घालायचे नाही, त्यामुळे लक्षही घालायचे नाही असे होते. या तीन-चार महिन्यांत वाफ्याकडे आठवड्यातून एकदा तरी बसून पाहा. बसून म्हणजे खरेच खाली बसून. उभ्याने मोथा दिसत नाही.

वरून पडलेला पाला रोपांच्या मध्ये राहू द्या, पण गाभ्यावरून बाजूला सारा. ओला पाला गाभ्यावर चिकटला की आत कुजणे सुरू होते. बुडातून सहज हातात येणारे, आंबूस वास येणारे पान दिसले तर तो कोंब कापून टाका आणि भोवतालची माती मोकळी करा.

आफ्रिकन गोगलगायी लव्हाळ्यापेक्षा शेजारच्या मऊ झाडांवर जास्त तुटून पडतात, तरी नवे कोंब खातात. रात्री टॉर्च घेऊन वेचा, हातमोजे घालूनच. त्यांच्यात माणसाला अपायकारक कृमी असू शकतो. मीठ टाकू नका, ते मातीत उतरते.

## टप्पा 7: ऑक्टोबर ते मे

रोपे मरतात ती इथे. पाऊस जातो, ऑक्टोबरचा उकाडा येतो, सावलीमुळे माती वरून ओली दिसते आणि पाणी राहून जाते. वरच्या मातीकडे पाहू नका, बोट दोन पेरे आत घाला. आत कोरडे लागले की पाणी द्या.

रोज थोडे शिंपण करण्यापेक्षा आठवड्यातून दोनदा-तीनदा खोल मुरेल असे द्या. फेब्रुवारीनंतर अंतर कमी करा. हायपोलिट्रमला हा नियम लागू नाही, त्याची माती कोरडी पडताच कामा नये. न्हाणीचे पाणी वळवायचे असेल तर साबण-डिटर्जंटचे पाणी वेगळे काढा.

दोणीतल्या आणि बिनभोकाच्या कुंडीतल्या हस्पनमध्ये डास होतात. गप्पी मासे सोडा किंवा पाणी मातीच्या पातळीच्या खाली ठेवा. कुंडीखालच्या बशा आठवड्यातून एकदा पूर्ण रिकाम्या करून घासा.

खबरदारी: दिवाळीच्या साफसफाईत मशीनने सगळा वाफा बुडापासून कापू नका. नुसती वाळलेली पाने हाताने ओढून काढा. हिरवी पाने उन्हाळ्यात लागणारा साठा करत असतात.

## टप्पा 8: दुसऱ्या वर्षापासून

किलिंगाचे गोंडे पिकून तपकिरी होण्याआधी निम्मे कापा, नाहीतर तो चिरे ओलांडून शेजारच्या कुंड्यांत उगवतो. बांधाच्या कडेने वर्षातून एकदा खुरपे उभे चालवून बाहेर निघालेली आडवी खोडे तोडा.

दोन-तीन वर्षांनी ठोंबाचा मधला भाग पोकळ होतो आणि पाने कडेलाच उरतात. मेमध्ये असा ठोंब दिसला तर त्यावर खूणकाठी रोवून ठेवा. जूनमध्ये सगळे हिरवे झाले की कोणता फोडायचा ते ओळखू येत नाही. पाऊस धरला की खूण केलेलेच ठोंब पाचव्या टप्प्याप्रमाणे फोडा आणि बाकीच्यांना हात लावू नका. सगळा वाफा एकाच वर्षी उलटला तर उघड्या पडलेल्या मातीत सगळ्यात आधी मोथा येतो.